सुटलेल्या होड्या

चिमीचं माहेर नदीच्या वरच्या अंगाला आणि सासर खालच्या अंगाला. मधे धरण. म्हणजे लग्न होऊन ती फार लांब गेली असं नाही. पाण्याबरोबर थोडी खाली उतरली, एवढंच. आईवडील गेल्यावर माहेर म्हणून उरला तो मोठा भाऊ, दादा. तो धरणाच्या दरवाज्यांवर कामाला होता. दरवाजे उचलायचे, खाली सोडायचे, साखळ्यांना ग्रीस लावायचं, पट्टीवरची पातळी बघून साहेबांना फोनवर कळवायची, हे त्याचं काम. खालच्या वस्तीत त्याला सगळे नळवाला म्हणत. हे नाव पाडलं चिमीच्या नवऱ्यानं. मेहुण्याची थट्टा करायला त्याला कुणाची परवानगी लागत नव्हती. नदीला पाणी कमी झालं की तो मुद्दाम दादाला फोन लावायचा आणि अगदी गंभीर आवाजात विचारायचा, वॉशर गेलाय का म्हणून.

नवऱ्यालाही वस्तीनं नाव दिलंच होतं, डांबऱ्या. तो होड्या दुरुस्त करायचा. फळ्यांच्या फटींत काथ्या ठासायचा आणि वरून गरम डांबर फासायचा. हात कोपरापर्यंत काळे, कितीही घासले तरी नखांतला काळेपणा जात नसे. चिमी जाळी विणायची, फाटलेली सांधायची. दोघांना मूल नव्हतं. त्याचा धाकटा भाऊ शेजारच्याच घरात राहायचा, मासे धरायचा, आणि दोन वेळा जेवायला यांच्याकडे असायचा. पलीकडे आत्या, म्हणजे नवऱ्याची आत्या, लव्हाळ्याच्या चटया विणून विकायची. वस्तीतल्या प्रत्येकाचं काही ना काही नदीतूनच यायचं. धरणाच्या वरच्या शहरालाही हीच नदी लागायची, पण त्यांना ती नळातून भेटायची आणि यांना दारात.

त्या दिवशी वर डोंगरात पाऊस कोसळत होता. वस्तीत नुसती भुरभुर होती. दुपारची जेवणं झाली होती. चिमी भांडी घासत होती, तेवढ्यात फोन वाजला. तिचे हात साबणाचे होते, म्हणून नवऱ्यानं उचलला. दादाच होता. साहेबांचा हुकूम यायच्या आधीच त्यानं आपणहून लावला होता. धरण तोंडोतोंड भरलंय, सगळे दरवाजे एकदम उचलावे लागतील, माणसं घेऊन शाळेवर जा, सामानाला हात लावू नका, होड्यांच्या नादी लागू नका, असं त्यानं सांगितलं. नवरा फक्त "बरं" म्हणाला. फोन ठेवून तो चिमीला म्हणाला, "नळवाला आज घाबरलाय." या वेळी त्यात थट्टा नव्हती.

मग धरणावरचा भोंगा वाजायला लागला. शाळा टेकाडावर होती. म्हातारीकोतारी, पोरंबाळं, कोंबड्या, एक टीव्ही, जे हाताला लागलं ते घेऊन सगळी वस्ती चढली. चिमीच्या हातात एक छत्री आणि घासलेला तवा होता. तवा का घेतला हे तिला नंतरही सांगता आलं नाही. शाळेच्या फाटकाशी पोचल्यावर नवरा थांबला.

"होड्या बांधलेल्या आहेत," तो म्हणाला. "पाणी चढलं की दोरच त्यांना खाली ओढणार. सोडून येतो."

सोडल्या तर वाहून जातील, असं ती म्हणाली. वाहून गेलेली होडी कुठेतरी सापडते, बुडालेली फुटते, असं तो म्हणाला. भोंगा तर वाजतोच आहे, म्हणजे दरवाजे अजून उचललेले नाहीत, वेळ आहे, असंही म्हणाला. यावर ती म्हणाली, "छत्री तरी घे." तो हसला आणि छत्री न घेता उतरून गेला.

शाळेपासून नदी दिसते, पण होड्यांची जागा वळणाच्या आड, झाडीमागे होती. त्यामुळे तिथे काय झालं हे टेकाडावरून कुणाला दिसलं नाही. पाणी आलं ते मात्र सगळ्यांना दिसलं. आधी आवाज आला, मग तपकिरी भिंतीसारखं काहीतरी वळणावरून फिरलं आणि वस्तीची कौलं एकेक करून बसत गेली. कुणी ओरडलं नाही. एक म्हातारा कुणाचं घर गेलं त्याचं नाव घेत होता, तेवढंच.

होड्या पुढच्या आठवड्यात सापडत गेल्या. कुणाची लव्हाळ्यात अडकलेली, कुणाची दूरच्या गावाच्या पुलाला टेकलेली. त्याच लव्हाळ्यात, होड्या शोधायला गेलेल्यांना, डांबऱ्याही सापडला. धाकट्या दिरानं त्याला हातांवरून ओळखलं.

सगळं आटोपल्यावर दादा आला आणि चिमीला आपल्या क्वार्टरमध्ये घेऊन गेला. वस्तीतल्या घरात गुडघाभर गाळ होता, दुसरीकडे जायला जागाही नव्हती. भावजयीनं आतली खोली रिकामी करून दिली, गादीवर नवी चादर घातली. चिमी तिथे राहायला लागली. वेळेवर उठायची, आंघोळ करायची, भावजयीला भाजी निवडून द्यायची. रडायची नाही. भेटायला येणाऱ्या बायका तिचा हात हातात घेऊन बसायच्या आणि ती त्यांच्या बांगड्या, घड्याळं, नखं बघत बसायची. भावजय शेजारणीला दबक्या आवाजात सांगायची, की हिनं एकदा मोकळं व्हायला हवं, असं दगडासारखं बरं नाही. भिंती पातळ होत्या. चिमीला ऐकू यायचं आणि ते दुसऱ्या कुणाबद्दल चाललंय असं वाटायचं.

दादा तिच्याबरोबर जेवायला बसत नसे. आधी जेवून घ्यायचा, नाहीतर डबा वर केबिनमध्ये मागवायचा. घरात असला की ट्रान्झिस्टर उघडून त्याचे सेल बदलत बसायचा. क्वार्टर धरणाच्या पायथ्याशी असल्यामुळे पाण्याचा आवाज घरात सतत असायचा. त्या आवाजानं तिला त्रास होत असेल म्हणून भावजय खिडकी लावून घ्यायची. चिमीला त्रास होत नव्हता. आवाज आहे हेच तिच्या ध्यानात नसायचं.

एक दिवस धाकटा दीर आला. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकेना, पाणी दिलं तर घेईना. अंगणातूनच बोलला. शाळेत चौकशीला साहेब येणार होते. वस्तीचं म्हणणं असं होतं, की दरवाजे घाईनं उघडले, आगाऊ कळवलंच नाही. चिमीनं एवढंच सांगायचं, की फोन आला तो भोंग्यानंतर.

"तुम्ही सांगितलंत तर ते मानतील वहिनी," दीर म्हणाला. "तुमचाच भाऊ, आणि गेला तोही तुमचाच माणूस. तुम्ही खोटं कशाला बोलाल?"

तिनं मान हलवली. त्याला वाटलं हो म्हणाली. खरं तर ती नुसतं ऐकत होती.

चौकशीच्या दिवशी लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. साहेब तरुण होता, सर्दीनं बेजार झालेला. एकेकाला बोलावून विचारत होता. चिमीची पाळी आली तेव्हा त्यानं आधी झाल्या गोष्टीबद्दल वाईट वाटल्याचं सांगितलं, मग फोनबद्दल विचारलं.

"फोन आला तेव्हा मी भांडी घासत होते," चिमी म्हणाली. "हात ओले होते, म्हणून ह्यांनी उचलला. दादानं सांगितलं माणसं घेऊन वर जा, होड्यांच्या नादी लागू नका. हे बरं म्हणाले. भोंगा नंतर वाजला."

"म्हणजे त्यांना धोक्याची कल्पना होती?"

"होती."

"तरी ते खाली गेले?"

"गेले."

ती हे सगळं बाजारातून काय काय आणलं ते सांगावं तशा आवाजात बोलली. मागे बाक सरकल्याचा आवाज झाला. धाकटा दीर उठून बाहेर गेला होता. आत्या जागची हलली नाही, चिमीकडे बघत राहिली. आपण कुणाच्या बाजूनं बोललो असं चिमीला वाटलं नव्हतं. विचारलं ते सांगितलं होतं.

दादाला ही बातमी संध्याकाळपर्यंत कळलीच. आता तरी तो मोकळेपणानं वागेल असं भावजयीला वाटलं होतं. पण तो उलट आणखी मिटला. चिमी स्वयंपाकघरात आली की तो बाहेर जायचा, ती बाहेर आली की आत. भावजयीनं एकदा चिडून विचारलं, की बहिणीनं वाचवलं तर तिच्याशी दोन शब्द बोलायला काय होतं. त्यावर तो उठून कामावर निघून गेला. सुट्टी असताना.

मग एका सकाळी भावजयीचा पाय मुरगळला आणि वर केबिनमध्ये डबा पोचवायला चिमी गेली. लग्नाआधी ती तिथे खूपदा जायची, नंतर जाणं राहिलंच होतं. लोखंडी जिना, ग्रीसचा वास, बटणांची पेटी, भिंतीवर टांगलेली चिंधी. दादा मोटरचं झाकण काढून बसला होता. तिनं डबा टेबलावर ठेवला आणि खिडकीशी गेली. पाणी निवळलं होतं. खाली नदीचं वळण होतं, आणि त्या वळणाच्या आतल्या बाजूला, शाळेवरून जी दिसत नाही ती होड्यांची जागा अगदी समोर होती. तिथे कुणीतरी वाकून काहीतरी करत होतं. तोंड दिसत नव्हतं, पण पाय फेंगडे टाकायची तऱ्हा बघून तिनं ओळखलं, धाकटा दीर होता.

ती बराच वेळ बघत राहिली. मग मागे न वळता म्हणाली, "दादा, इथून होड्यांची जागा दिसते."

"दिसते."

"त्या दिवशी दिसत होती?"

दादानं हातातला पाना खाली ठेवला. "इथे पाऊस तेवढा नव्हता. दिसत होती."

"हे दिसले?"

"कुणीतरी होतं. इतक्या लांबून तोंड कळत नाही. पण होड्यांपाशी दुसरं कोण असणार होतं, चिमे?"

ती वळली. दादा जमिनीकडे बघून सांगत होता. माणूस दिसल्यावर त्यानं भोंगा पुन्हा वाजवला. चिमीच्या घरी फोन लावला, तो रिकाम्या घरात वाजत राहिला. दुसऱ्या फोनवर साहेब ओरडत होते. पाणी भिंतीच्या काठावरून सांडायला लागलं होतं. भिंत फुटली असती तर शाळेचं टेकाडही उरलं नसतं.

"त्यानं वर बघितलं," दादा म्हणाला. "आणि हात वर केला."

"कसा?"

दादानं हात वर करून दाखवला. मग जरा वेगळा करून दाखवला. मग हात खाली पडू दिला. "थांब म्हणाला की सोड म्हणाला, मला अजून कळलेलं नाही. मी बटण दाबलं."

चिमीला वाटलं, आता काहीतरी होईल. आपण ओरडू, किंवा याच्या अंगावर धावून जाऊ. ती वाट बघत उभी राहिली. काहीच झालं नाही. केबिनमधलं घड्याळ टिकटिकत होतं आणि डब्याच्या झाकणाखालून वाफ येत होती.

"जेवून घे," ती म्हणाली. "गार होतंय."

जिना उतरताना ती नवऱ्याचा हात आठवत राहिली. तो बोलावताना हात वर करायचा. निरोप देतानाही करायचा. पाखरं हाकलताना, लांबून ओळख देताना, काथ्या आण म्हणताना, नको म्हणताना, सगळ्याला एकच हात. इतकी वर्षं त्याच्याबरोबर राहून तिलाही सांगता आलं नसतं.

दोन-चार दिवसांनी तिनं खाली जायचं काढलं. भावजय हबकली. आमच्याकडून काही कमी झालं का, कुणी काही बोललं का, असं विचारत राहिली. तसं काही नाही, जाळी फाटून पडली आहेत, लोकांचं काम अडलंय, असं चिमी म्हणाली. हे खरंच होतं. रागानं निघाली असती तर निदान राग तरी आला असता. तिला नुसतं इथे बसून राहायचं नव्हतं.

वस्तीत फावड्यांचा आवाज चालू होता. लोक घरांतून गाळ काढून नदीत टाकत होते, नदीनं आणलेलं नदीला परत. चिमीच्या घराची एक भिंत खचली होती. आत्यानं काही न विचारता आपल्या खोलीत तिच्यासाठी चटई पसरली. धाकटा दीर बोलला नाही, पण दुसऱ्या सकाळी दारात जाळ्यांचा ढीग आणून टाकला. चिमी विणायला बसली. बोटांना काम आठवत होतं, बाकी कशाची त्यांना गरज लागली नाही.

दोन घास द्यायला म्हणून ती एका दुपारी होड्यांच्या जागेवर गेली. दीर तिथे रोज खणायचा. कशासाठी, हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. आता ते दिसत होतं. गाळातून एका होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, वर आली होती. तिच्यावरचं डांबर नवं होतं.

"आपली," दीर म्हणाला. चौकशीच्या दिवसानंतर तो तिच्याशी पहिल्यांदाच नीट बोलत होता. "दुसऱ्या सगळ्यांच्या सोडल्या. ही राहिली."

तो गाळ बाजूला करत गेला. होडीचा तळ फुटला होता. दोर खुंटाला तसाच होता, गाठ पाण्यानं आवळून लाकडासारखी झालेली.

चिमी काठावर बसली आणि तिनं त्याला केबिनमधलं सगळं सांगितलं. खिडकीचं, फोनचं, वर केलेल्या हाताचं. दीर फावडं टेकवून ऐकत होता. तो धावत वर धरणावर जाईल असं तिला वाटलं होतं. तो गेला नाही.

"म्हणजे थांबच म्हणाला असणार," तो म्हणाला. "अजून एक सोडायची होती."

"असेल."

"नाहीतर आपली राहिली तर राहू दे म्हणाला असेल. तो होताच तसला."

"असेल," चिमी म्हणाली.

होडी दोघांनी मिळून बाहेर ओढली. दुरुस्त होण्यासारखी नव्हती. तिच्या फळ्या आत्याच्या खोलीच्या दाराला लागल्या.

मग दादा आला. सुट्टीच्या दिवशी सकाळी, क्वार्टरमध्ये राहिलेली चिमीची पेटी खांद्यावर घेऊन, रस्त्यानं चालत. पुरानंतर तो वस्तीत पहिल्यांदाच येत होता. फावडी थांबली. वाटेत उभे होते ते बाजूला झाले नाहीत. त्यालाच वळसे घालत यावं लागलं. आत्यानं पायानं एक स्टूल पुढे सरकवलं. तो बसला. चिमीच्या मांडीवर जाळं होतं, धाकटा दीर शेजारी वजनं बांधत होता. दादानं भावजयीच्या पायाचं सांगितलं. बदली मागितली आहे, पण मिळेलसं वाटत नाही, असं सांगितलं. त्याचे डोळे आत गेले होते, दाढी वाढली होती. तो सारखा नदीकडे बघत होता.

"होड्या कुठे कुठे मिळाल्या?" शेवटी त्यानं विचारलं.

"लव्हाळ्यात," चिमी म्हणाली. "काही पुलापाशी."

"सगळ्या?"

दिराचे हात थांबले. चिमीनं जाळ्यातून सुई ओढून घेतली, गाठ मारली, दातानं दोरा तोडला.

"सगळ्या," ती म्हणाली. "सगळ्या सोडून झाल्या होत्या त्यांच्या. एकही बांधलेली नव्हती."

दादा तिच्याकडे बघत राहिला. मग दिराकडे वळला. "तू तिथे रोज खणत होतास. वरून दिसायचास."

"पायऱ्या," दीर म्हणाला. "पायऱ्या गाळात गेल्या होत्या. मोकळ्या करत होतो."

दादानं मान हलवली. पुन्हा हलवली. त्यानं दोन्ही तळहात तोंडावरून फिरवले आणि तसाच वाकून बसून राहिला. त्याची पाठ हलत होती. आत्या आत गेली. थोड्या वेळानं तो उठला, नदीवर जाऊन तोंड धुतलं आणि आला त्याच रस्त्यानं वर गेला. या वेळी एकदोघं बाजूला झाले.

तो वळणाआड गेल्यावर दीर म्हणाला, "खोटं बोललात, वहिनी."

"तुम्हीपण."

"मी फक्त पायऱ्यांबद्दल बोललो."

हसण्यासारखं होतं. दोघंही हसली नाहीत. नवरा असता तर हसला असता, हे चिमीच्या मनात आलं आणि तसंच निघून गेलं. दिरानं उरलेली वजनं बांधली. उद्या पहाटे हे जाळं लागेल, असं सांगून तो उठला. चिमीनं ते मांडीवर ओढून घेतलं आणि फाटलेला भाग शोधायला लागली. बराच फाटला होता.